वैतरणेच्या काठाकाठाने

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुंबईत घरोघर दिवे लागतात, उटण्याचा वास सुटतो, आणि थंडी नसली तरी थंडीचे निमित्त करून पांघरुणात गुरफटलेली धाकटी मंडळी न्हाणीघराकडे ढकलली जातात. पहिला तांब्या अंगावर पडतो, आई ओवाळते, बाहेर कुठेतरी फटाका वाजतो. या साऱ्या गडबडीत तांब्यातले पाणी आले कुठून, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. तो यावा असे काही कारणही नाही. तोटी सोडली की पाणी येते एवढी खात्री असली, म्हणजे माणूस पाण्याच्या कुळाची चौकशी करीत बसत नाही.

परंतु ती चौकशी एकदा करून पाहिली, तर मोठी मौजेची सफर घडते. मुंबईला सात तलाव पाणी पाजतात. विहार आणि तुळशी हे दोघे घरचेच. तानसा आणि भातसा जरा दूरचे. उरलेले तिघे मात्र एकाच नदीची लेकरे आहेत. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर. सातही तलाव काठोकाठ भरले, की त्यांत १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी साठते. त्यापैकी ५,४९,५०२ दशलक्ष लिटर या तीन भावंडांच्या पोटात असते. म्हणजे शंभर तांब्यांतले अडतीस तांबे वैतरणेचे! आणि ही वैतरणा ज्या डोंगरांतून उड्या घेत खाली येते, त्या डोंगरांना लागूनच पालघर जिल्ह्यातले मोखाडा आणि जव्हार हे दोन तालुके वसलेले आहेत.

या भागाकडे अलीकडे एक नव्या तऱ्हेची मंडळी वळू लागली आहेत. पाठीवर लहानशी पिशवी, पायांत रंगीबेरंगी बूट, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ, अशा थाटात ही मंडळी डोंगरवाटांवर चक्क धावतात! गुरे वळणारी पोरे त्यांच्याकडे थक्क होऊन पाहतात. बस चुकलेली नाही, मागे कुत्रे लागलेले नाही, मग हे लोक पळतात तरी का?

हे नवे वेड कसले?

याला म्हणतात ट्रेल रनिंग. साध्या मराठीत सांगायचे तर पायवाटेने धावणे. २००४ साली मुंबईची मोठी मॅरेथॉन सुरू झाली आणि चाळीतल्या, कचेरीतल्या, पन्नाशी गाठलेल्या माणसांनासुद्धा धावण्याची गोडी लागली. पण डांबरी रस्त्यावर रोज तोच धूर आणि तेच भोंगे! कंटाळलेली पावले मग डोंगराकडे वळली. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटातून हिल मॅरेथॉन धावली जाते; सिंहगडापासून राजगड-तोरण्यापर्यंत धावत जाणारी मंडळीही आता नवलाची राहिलेली नाहीत.

परदेशांत तर या छंदाने मोठे रूप धारण केले आहे. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ या पर्वताला वळसा घालणारी शर्यत २००३ साली सुरू झाली. अंतर सुमारे १७० किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे १०,००० मीटर. म्हणजे एव्हरेस्टची उंची चढूनही वर थोडे उरते! अमेरिकेत टाहो नावाचे सरोवर समुद्रसपाटीपासून १,८९७ मीटर उंचीवर आहे. त्याच्या भोवतालच्या डोंगरधारेवरून सुमारे २६५ किलोमीटरांची आखीव पायवाट काढलेली आहे, आणि हौशी लोक ती पायी किंवा धावत पुरी करतात. आपल्याकडे लडाखात २०२३ च्या फेब्रुवारीत गोठलेल्या पँगाँग सरोवराच्या बर्फावरून २१ किलोमीटरांची शर्यत झाली. ते सरोवर ४,२०० मीटरांहून उंच. तिथे हवा इतकी विरळ, की श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने पाच हिश्शांतले तीन हिस्सेच.

आपली अप्पर वैतरणा या मानाने गरीबच म्हणायची. तिच्या भरलेल्या पाण्याची पातळी सहाशे मीटरांच्या आसपास. इथे छाती भरून येण्याची भीती नाही. मुंबईत मिळणाऱ्या प्राणवायूच्या शंभरातले सुमारे त्र्याण्णव भाग इथेही मिळतात. तेव्हा हिमालयाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या सह्याद्रीच्या अंगणात धावून पाहावे, हे शहाणपणाचे.

एक नदी, तीन तलाव

त्र्यंबकेश्वराजवळच्या डोंगरांत दोन नद्या जन्म घेतात. गोदावरी पूर्वेला निघते आणि १,४०० किलोमीटरांहून अधिक वाट चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला वळते आणि घाट उतरून वसई-पालघरच्या बाजूला अरबी समुद्र गाठते. एक बहीण लांबच्या सासरी गेली, दुसरी माहेराजवळच राहिली. पण जवळ राहिलेलीच्या वाट्याला कष्ट काही कमी आले नाहीत.

माथ्यावर, नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात, अप्पर वैतरणेचे धरण १९७३ साली पुरे झाले. तिथले पाणी आधी वीजघरातून जाते, साठ मेगावॉट शक्तीचे यंत्र फिरवते, आणि मग नदीच्या पात्रातून खाली येते. वाटेत मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणेची १०२ मीटर उंच भिंत ते अडवते. हे धरण तिघांत धाकटे, चालू शतकातले. त्याच्यामुळे मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाण्याची जोड मिळाली. त्याहून खाली मोडक सागर. १९५७ साली उभ्या राहिलेल्या या तलावाला मुंबई महापालिकेचे नामवंत अभियंते मोडक यांचे नाव दिलेले आहे. वरच्या तलावाच्या काठापासून या खालच्या तलावाच्या काठापर्यंत पाणी ४४० मीटर खाली उतरते. येवढी उतरण ज्या प्रदेशात आहे, तिथल्या पायवाटा कशा असतील याची कल्पना यावरूनच करावी.

एक गोष्ट मात्र आधीच सांगितलेली बरी. टाहो सरोवराभोवती आहे तशी आखीव, पाट्या लावलेली, नकाशात छापलेली वाट या तलावांभोवती नाही. इथल्या वाटा कुणी आखल्या नाहीत. त्या पायांनी पडल्या. पाड्यावरून नदीवर पाण्याला जाणाऱ्या बायकांनी, गुरे घेऊन रानात जाणाऱ्या पोरांनी, आठवड्याच्या बाजाराला नागली-वरई डोक्यावरून नेणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्या पाडल्या. धरणाचे पाणी चढले की खोऱ्यातली जुनी वाट बुडते. मग पाण्याला वळसा घालून नवी पडते. वाट बुडली म्हणून बाजार किंवा शाळा काही जवळ येत नाही.

जव्हार: राजाचे गाव

मुंबईहून जाणाऱ्याने पहिला मुक्काम जव्हारला करावा. मनोर-विक्रमगडवरून घाट चढत गेले की साधारण दीडशे किलोमीटरांवर हे टुमदार गाव येते. उंची सुमारे ४५० मीटर. मुकणे घराण्याचे संस्थान इथे चौदाव्या शतकापासून होते. १९४८ साली ते विलीन झाले. कोळी समाजातल्या एका घराण्याने सहाशे वर्षे गादी सांभाळावी, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात फारशी येत नाही. नगरपालिका इथे १९१८ पासूनची. गावाबाहेर जयविलास हा राजवाडा आहे. सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज ज्या माळावर थांबले असे सांगतात, तो शिरपामाळही गावाच्या जवळच आहे.

नवशिक्याने पहिल्या दिवशी फार लांबची हाव धरू नये. हनुमान पॉइंट, सूर्यास्ताची जागा, राजवाड्याचा परिसर आणि शिरपामाळ एवढा फेरफटका पहाटे धावत, चालत, मध्येच थांबून दरी न्याहाळत करावा. वाट बरीचशी चढउताराची असली तरी पाय घसरण्याची धास्ती नाही. घरातली वडीलधारी माणसे सोबत असतील, तर त्यांनी तोच फेरफटका सावकाश पायी करावा. सूर्योदय दोघांनाही सारखाच दिसतो.

दुसऱ्या दिवशी दाभोसा. जव्हारपासून सुमारे वीस किलोमीटरांवर लेंडी नदी तीनशे फुटांच्या कड्यावरून खाली झोकून देते. शेवटचा उतार खडा असतो आणि पावसाळ्यानंतर दगडांवर शेवाळ धरलेले असते. इथे धावण्याचा मोह सोडून मुकाट्याने पावले टाकावीत. धबधब्याखालचा डोह दिसायला शांत, पण खोल आहे. आपण पोहण्यात पटाईत असलो तरी ती परीक्षा इथे देऊ नये.

मोखाड्याचा माळ आणि तलावाचा काठ

जव्हारहून मोखाडा पंचवीसेक किलोमीटर. तिथून खोडाळ्याकडे वळले की देवबांधचे गणपतीचे देऊळ लागते आणि पुढे सूर्यमाळ येते. पालघर जिल्ह्यातले सर्वांत उंच ठिकाण म्हणून सूर्यमाळचे नाव घेतात. नावाप्रमाणेच माळ, वर मोकळे आभाळ. पावसाळा सरताना इथे गुडघाभर गवत वाऱ्यावर लवत असते, आणि मधून मधून नागलीची शेते उतरणीला चिकटून राहिलेली दिसतात. धावणाऱ्याला असा माळ म्हणजे पर्वणी. माती मऊ, नजर लांब, आणि मोटारीचा आवाज नाही.

खोडाळ्याहून पूर्वेला घोटीकडे जाणारा रस्ता अप्पर वैतरणेच्या बाजूने जातो. रस्ता सोडून गावाकडच्या कच्च्या वाटेला लागले, की उजव्या-डाव्या हाताला पाण्याची बोटे डोंगरांच्या कुशीत शिरलेली दिसतात. सकाळच्या वेळी पाण्यावर धुके असते. ते विरले की पलीकडचा डोंगर जणू आत्ताच कुणी आणून ठेवला आहे असे वाटते. रेल्वेने येणाऱ्याने कसारा गाठावे. कसारा-खोडाळा रस्ता विहीगावच्या धबधब्यावरून पुढे वैतरणेच्या खोऱ्यात उतरतो आणि पुन्हा चढतो.

धरणाची भिंत, वीजघर आणि त्यांच्या भोवतीचा भाग मात्र राखीव असतो. तिथे परवानगीवाचून जाऊ नये, छायाचित्रे काढण्याचा आग्रह धरू नये. पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा दहा पावले वळसा घेणे केव्हाही स्वस्त.

धावायचे कसे?

डोंगरवाटेने धावण्याचे गणित रस्त्याहून वेगळे असते. रस्त्यावर आपण किलोमीटर मोजतो. डोंगरात तास मोजावे. रस्त्यावर दहा किलोमीटर जाणाऱ्याला इथे तेवढ्याच वेळात सहा झाले तरी समाधान मानावे. उभा चढ आला की धावणे सोडून चालावे. यात कमीपणा काही नाही. जगातले नामांकित डोंगरधावक मोठ्या चढावर हात गुडघ्यांवर टेकून चालतच जातात.

खरी परीक्षा उताराला असते. चढताना दम लागतो, पण दुखापत बहुधा उतरताना होते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरतात. म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आजोबांची आठवण येते! यावर उपाय एकच. पावले लहान टाकावीत, गुडघे थोडे वाकवावेत, टाच आपटू नये आणि नजर पायाशी न ठेवता चार-पाच हात पुढे ठेवावी. सुट्या मुरमावर एकदम थांबू नये. थांबायचे ते हळूहळू.

बरोबर पाणी भरपूर घ्यावे; तासाला अर्धा लिटर हे साधे माप ध्यानात ठेवावे. गुळदाण्यांचा पुडा, मीठ लावलेले लिंबू, एखादी पट्टी, शिट्टी एवढे सामान पुरे. एकट्याने जाऊ नये. पाड्यावरचा एखादा जाणता तरुण वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा आणि त्याची मजुरी आधी ठरवून पुरती द्यावी. ऋतू म्हणाल तर दिवाळीनंतरचे चार महिने सर्वांत चांगले. ऐन पावसात वाटा निसरड्या, ओढे अवचित फुगणारे. मार्चनंतर ऊन चढते. आणि मार्चनंतर या भागात दुसरीही एक गोष्ट घडते. तिच्याकडे आता वळू.

सावरपाड्याची मुलगी

त्याआधी एका धावणारीची ओळख करून द्यायची आहे. मोखाड्याच्या सीमेपलीकडे, नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलजवळ सावरपाडा नावाचे खेडे आहे. तिथे १९८५ साली जन्मलेली कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची. ज्या खेळाला बॅट लागत नाही, जाळे लागत नाही आणि वेळ पडली तर बूटही लागत नाहीत, तो खेळ तिने धरला. नाशिकला विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक भेटला आणि त्या पायांना दिशा मिळाली.

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुलात धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आपल्याकडे असे पदक त्याआधी आणले होते ते मिल्खासिंगांनी, १९५८ साली! त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगचौ येथील आशियाई स्पर्धेत तिने दहा हजार मीटरला रौप्य आणि पाच हजार मीटरला कांस्य पटकावले. दहा हजारांत सुवर्णपदक मिळाले ते केरळच्या प्रीजा श्रीधरनला, आणि दोघींत अंतर राहिले एका सेकंदाहूनही कमी. २०१२ साली कविताला अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. लोक तिला कौतुकाने सावरपाडा एक्स्प्रेस म्हणतात. त्या डोंगरात आगगाडी गेलेली नाही, पण एक्स्प्रेस तिथून सुटली!

कविता राऊतचे कौतुक करताना आपण एक प्रश्न विसरतो. तिच्यासारखे पाय या डोंगरांत आणखी किती असतील? आश्रमशाळेत जाणारी, रोज दोन-चार किलोमीटर चढउतार करणारी, नागलीच्या भाकरीवर वाढलेली ही मुले. त्यांना चढ शिकवावा लागत नाही. त्यांना लागते ते पोटभर अन्न, नियमित शाळा आणि पाहणारा एक डोळा. यांतली पहिली गोष्टच किती दुर्मिळ होती, याची आठवण ठेवली पाहिजे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या भागाचे नाव कळले. एखाद्या सुंदर मुलखाचे नाव अशा बातमीने कळावे, यासारखे दुर्दैव नाही.

हंड्यांची मॅरेथॉन

आता मार्चनंतरची गोष्ट. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो. शंभर इंच हे काही मोठे नवल नाही. आणि तरीही दर उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. असे का? कारण जमिनीतच आहे. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार असा, की पडलेले पाणी घटकाभर थांबायला तयार नाही. डोंगरावरून ते ओढ्यात, ओढ्यातून नदीत, आणि नदीतून तलावात जाते. तलावाचे पाणी खोल दरीत. पाडा वर टेकडीवर. डोळ्यांना पाणी दिसते, पण घशाला मिळत नाही.

मग बायका निघतात. आटत आलेली विहीर, नाहीतर कातळाच्या फटीतला झिरा, नाहीतर नदीच्या वाळूत खोदलेला खड्डा. डोक्यावर हंड्यावर हंडा आणि कमरेला कळशी. एक हिशेब करून पाहू. समजा, पाणी दीड किलोमीटरवर आहे आणि दिवसाला चार खेपा पडतात. झाले बारा किलोमीटर. त्यांतले सहा भरल्या हंड्यांनिशी आणि बहुधा चढाचे. उन्हाळ्याचे साठ दिवस धरले तर ७२० किलोमीटर होतात. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. म्हणजे एका उन्हाळ्यात सतरा मॅरेथॉन! शर्यत पुरी झाल्यावर पदक नाही, टाळ्या नाहीत. घरी गेल्यावर चूल आहे.

आपण शहरी माणसे ज्या वाटेवर हौसेने धावतो, त्याच वाटेवर या बाया गरजेपोटी चालतात. हौस वाईट नव्हे. पण समोरून हंडा घेतलेली बाई आली तर वाटेची कड धावणाऱ्याने घ्यावी. आणि पाड्यावर तहान लागली म्हणून पाणी मागताना, ते पाणी किती खेपांचे आहे याचा क्षणभर विचार करावा. आपली बाटली आपण भरून नेलेली असावी, हे उत्तम.

काहीच उपाय नाही, असे मात्र नव्हे. पावसाळा सरला की ओढ्यांवर मातीच्या गोण्या रचून वनराई बंधारे घालतात. त्यांनी पाणी थोडे दिवस तरी थोपते आणि रब्बीचा भाजीपाला होतो. सौरपंपाने खालच्या नदीचे पाणी टेकडीवरच्या पाड्यापर्यंत चढवता येते; जव्हारच्या प्रगती प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी अशी कामे करून दाखवली आहेत. ज्या पाड्यावर नळ आला, तिथल्या मुलीचे सकाळचे दोन तास मोकळे झाले. त्या दोन तासांत ती शाळेत वेळेवर पोचते. कुणी सांगावे, त्यांतली एखादी उद्या धावपट्टीवरही पोचेल!

मुंबईची तहान मात्र वाढतेच आहे. शहराला आज रोज चार हजार दशलक्ष लिटरांच्या घरात पाणी लागते. त्यासाठी याच मुलखातल्या गारगाई आणि पिंजाळ या आणखी दोन नद्यांवर धरणे बांधण्याच्या योजना आखलेल्या आहेत. गारगाईतून रोज ४४० आणि पिंजाळमधून ८६५ दशलक्ष लिटर मिळावे असा हिशेब आहे. शहराला पाणी नको असे कोण म्हणेल? पण ज्यांच्या अंगणातून ते जायचे, त्यांचा हंडा आधी भरावा, एवढी अपेक्षा तरी अवाजवी नाही. घरात पाहुणा आला म्हणजे त्याला पहिला घास देतात, हे खरे. पण घरातले मूल उपाशी ठेवून नव्हे.

दिवाळीनंतरची वाट

शहरात आपण वसुबारस साजरी करतो, गाय-वासरू पुजतो. त्याच दिवशी या डोंगरांत वाघबारस असते. वाघदेवाला नैवेद्य दाखवून, गुराढोरांना आणि गुराख्यांना सांभाळ असे त्याला सांगतात. एकाच तिथीला आम्ही गाईला नमस्कार करतो आणि ते वाघाला. ज्याचे जिणे रानाशी बांधलेले, त्याने वाघाशीही नाते ठेवावे हेच रीतीला धरून आहे. नवे भात घरात आलेले असते, तारपा वाजू लागतो, आणि त्या सुरावर रात्र रात्र फेर धरला जातो. पुढे होळीच्या सुमारास बोहाड्याच्या सोंगांचा मोसम येतो. देवादिकांचे रंगीत मुखवटे घालून मशालींच्या उजेडात मिरवणूक निघते. मोखाड्याचा बोहाडा एकदा मुलाबाळांना घेऊन पाहावा असा असतो.

पण तारप्याचा सूर विरतो न विरतो तोच अनेक घरांना कडी लागते. पीक हाती आले ते चार-सहा महिने पुरणारे, पुढे काय? माणसे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भिवंडी, वसई, ठाणे, मुंबईकडे निघतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. कुठे निघालात असे विचारले, तर या भागात एक उत्तर ठरलेले आहे: ‘जगायला!’ कामाला नव्हे, कमवायला नव्हे, जगायला. आईबापांबरोबर पोरेही जातात आणि शाळेतली त्यांची जागा होळीपर्यंत, कधी पावसाळ्यापर्यंत रिकामी राहते. उंच इमारतींना लागणारी वीट ज्या हातांनी थापली, त्यांच्याच गावच्या पाण्याने ती इमारत न्हाते, असा हा विलक्षण संबंध आहे.

म्हणून या दिवाळीनंतर ज्यांना वैतरणेच्या काठी धावायला जायचे असेल त्यांनी अवश्य जावे. मुलांना बरोबर न्यावे. तलाव दाखवावा, माळ दाखवावा, नकाशावर बोट ठेवून आपले घर आणि हा तलाव यांमधली रेघ ओढून दाखवावी. एखाद्या पाड्यावर पैसे देऊन नागलीची भाकर आणि उडदाचे वरण जेवावे. परतताना बाजारातून नागली, वरई, जमले तर वारली चित्राची एखादी चौकट घ्यावी, आणि भाव पाडून मागू नये. कागद, बाटल्या, पिशव्या ज्या हाताने नेल्या त्याच हाताने परत आणाव्यात. तलावाच्या काठावर टाकलेला कचरा अखेर कुणाच्या पाण्यात उतरतो, हे आता सांगायला नको.

पायवाटेचा एक गुण असतो. ती दोन्ही बाजूंनी चालता येते. आजवर या वाटेने पाणी खाली आले, माणसे खाली आली, विटा थापणारे हात खाली आले. आता वर जाणाऱ्यांनी रिकाम्या हातांनी जाऊ नये. कुणी डॉक्टर असेल, कुणी शिक्षक असेल, कुणी पंप दुरुस्त करणारा कारागीर असेल, कुणाच्या घरी पोराला तोकडे झालेले धडके बूट असतील. सावरपाड्याची एक मुलगी अनवाणी धावून ऑलिंपिकपर्यंत गेली. दुसरीला तरी तेवढे अंतर अनवाणी कापावे लागू नये.